डबा तोच, बोर्ड दुसरा

अप्पांनी संगणक धुतला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खुद्द अप्पांनी ते दोन दिवस कुणालाही सांगितलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं.

धुतला म्हणजे अगदी नळाखाली धरला असं नाही. तेवढी अक्कल त्यांना होती. निवृत्त होऊन सात महिने झाले होते आणि या सात महिन्यांत घरातली पुसण्यासारखी प्रत्येक वस्तू पुसून झाली होती. पंख्याची पाती झाली, विजेची बटणं झाली, कपाटातली पुस्तकं उंचीप्रमाणे लावून झाली, आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे कोडंताईंना, हवं ते पुस्तक त्यानंतर एकदाही सापडलं नाही. मंगळवारी कोडंताई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. दोन तास मोकळे मिळाले. अप्पांची नजर टेबलाखालच्या काळ्या डब्यावर गेली, त्यांनी मागचे चार स्क्रू काढून आत डोकावलं, आणि आत धुळीची जी गादी दिसली ती पाहून त्यांना राहवेना. एक ओलं फडकं, बोटभर साबण, दात घासायचा जुना ब्रश. शेवटी मागच्या बाजूचा एक कळकट स्टिकरही त्यांनी घासून काढला. डबा असा काही लखलखला की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. अर्धा तास वाळवून त्यांनी बटण दाबलं. आतून फट् असा छोटासा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला.

कोडंताई गालाला कापूस लावून घरी आल्या तेव्हा अप्पा वर्तमानपत्र वाचत होते.

"अगं, तुझा कॉम्प्युटर बंद पडलाय," ते पान उलटत म्हणाले. "आपोआप. वय झालं होतं त्याचं."

आता हा संगणक कुणाचा आणि त्याच्यावर काय चालायचं ते सांगायला हवं. संगणक कोडंताईंचा. अकरा वर्षं त्या एका वर्तमानपत्रासाठी दर रविवारचं शब्दकोडं करत होत्या, म्हणून वाचकांनी त्यांचं हे नाव पाडलेलं. अकरा वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत कोड्याची फाईल कचेरीत पोचलीच पाहिजे, असा नियम. पण अलीकडे रविवारच्या पानावर एक नवे उपसंपादक आले होते. त्यांनी गेल्याच महिन्यात फोन करून अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "ताई, कधी जमलं नाही तर टेन्शन घेऊ नका हं. आता कोडी मशीनवर आपोआप तयार होतात. एखाद्या आठवड्यात टाकून बघू, वाचकांना फरक कळतोय का ते." तेव्हापासून कोडंताई आपलं कोडं बुधवारीच पाठवत होत्या. एक आठवडा चुकला की संपलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि अप्पांनाही.

संगणक दुरुस्तीवाला संध्याकाळी आला. डबा उघडून त्याने आत टॉर्च मारला, वास घेतला, बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"काका, हा साबण आहे का?"

"हळू बोला," अप्पा म्हणाले.

दुरुस्तीवाल्याने आयुष्यात बरंच पाहिलं असावं. त्याने आवाज खाली आणला. मदरबोर्ड गेला, म्हणाला, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसतं तो मुख्य बोर्डच गेला. जुना माल असल्याने नवा मिळणार नाही, पण त्याच्याकडे असाच एक वापरलेला आहे. डिस्क शाबूत आहे, फाईली शाबूत आहेत.

"मग फाईली दुसऱ्या कॉम्प्युटरवर घेता येतील?" कोडंताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"फाईली येतील ताई, पण तुमचा तो कोडी बसवायचा प्रोग्राम नवीन मशीनवर उघडत नाही. तो करणारी कंपनीच राहिली नाही आता. याच डब्यावर चालणार."

बुधवारी सकाळी दहाला बोर्ड बसला, पडदा उजळला, आणि अप्पांचा जीव भांड्यात पडला. तो फार तर दहा सेकंद तिथे राहिला. पडद्यावर एक निळी चौकट आली. या संगणकात मोठे बदल झालेले दिसतात, असं तिच्यात लिहिलं होतं. तुमची ऑपरेटिंग सिस्टीम अस्सल आहे हे पुन्हा सिद्ध करा, त्याशिवाय आत जाता येणार नाही. खाली पाच रकाने होते आणि प्रत्येकात पाच अक्षरं भरायची होती.

"किल्ली टाका," दुरुस्तीवाला म्हणाला. "पंचवीस अक्षरांची असते. डब्याच्या मागे स्टिकर असतो बघा, त्याच्यावर."

अप्पांनी डब्याच्या मागे पाहिलं नाही. तिथे काय आहे ते त्यांना माहीत होतं. तिथे स्वच्छ, काळाभोर, आरशासारखा पत्रा होता.

दुरुस्तीवाला पुढच्या कामाला निघून गेला. जाताना त्याने अप्पांकडे पाहून जी मान हलवली ती दवाखान्यात नातेवाइकांना पाहून हलवतात तशी होती.

पण अप्पा हातपाय गाळणारे नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी निवृत्तिवेतनाच्या कचेरीत काढली होती. समोर उभ्या असलेल्या माणसाला, "तुम्ही उभे आहात हे मला दिसतंय, पण तुम्ही हयात आहात याचा दाखला कुठाय?" असं विचारणारे ते हेडक्लार्क. अशा माणसाकडे कुठल्याही गोष्टीची नोंद नसेल असं कसं होईल? त्यांनी कपाटातून 'महत्त्वाचे क्रमांक' नावाची वही काढली. पान नऊवर संगणकाची किल्ली सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. अप्पांनी विजयी मुद्रेने ती टाकली. पडदा म्हणाला, किल्ली अपुरी आहे.

मोजून पाहिलं तर चोवीसच अक्षरं भरली. आणि मग अप्पांना आठवलं. वही चोराच्या हाती लागली तर काय घ्या, म्हणून या वहीतल्या प्रत्येक क्रमांकातून त्यांनी एकेक अक्षर मुद्दाम गाळलं होतं. 'आपल्याला आठवेलच,' असा त्यावेळचा हिशेब. हा चोर आजतागायत आला नव्हता. तो आला असता तर आता दोघांनी मिळून विचार केला असता.

"मी शोधून काढतो," अप्पांनी जाहीर केलं. गाळलेलं अक्षर पंचवीस जागांपैकी कुठेही असू शकतं, प्रत्येक जागी सव्वीस अक्षरं आणि दहा आकडे धरले तर नऊशे शक्यता झाल्या. त्यांनी कागदावर नऊशे चौकोन आखायला घेतले. एक करून पाहायची, चौकोनावर फुली मारायची. सरकारी कामाची ही पद्धत सावकाश असेल, पण तीत कधी काही सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. चाळिसाव्या फुलीच्या सुमाराला कोडंताई मागे येऊन उभ्या राहिल्या. गालाची सूज अजून उतरली नव्हती.

"अहो, वहीत तुम्ही पाच-पाचचे गट पाडलेत ना?"

"पाडलेत. बघ की, किती स्वच्छ आहे."

"मग चौथ्या गटात चारच अक्षरं आहेत."

अप्पांनी पाहिलं. चौथ्या गटात चारच अक्षरं होती. अकरा वर्षं रिकाम्या चौकोनांत अक्षरं बसवणाऱ्या बाईला तासाभरापूर्वीच बोलावलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं, पण ते मनातच राहिलं. उरलेल्या एकशेऐंशी शक्यतांपैकी एकशेतिसरी खरी निघाली. गटाच्या मधोमध एक साधा चारचा आकडा होता.

पडद्यावर आता नवी चौकट आली. किल्ली बरोबर आहे, पण ती दुसऱ्या एका संगणकावर वापरात असल्याची नोंद आहे. कृपया दूरध्वनी करा. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. अप्पांनी घड्याळ पाहिलं. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांच्या खिडकीवर कुणी वेळ संपल्यावर आलं की ते स्वतः काय म्हणत, हे त्यांना आठवलं, आणि त्यांनी मुकाट्याने पेन बंद केलं.

रात्री जेवताना कोडंताई एवढंच म्हणाल्या, "कोडं माझं तयार आहे. डोक्यात आहे सगळं. पण पानावर बसवायची फाईल त्या डब्यातूनच निघते. उपसंपादकांना विचारलं मी, हातानं काढून पाठवू का म्हणून."

"मग?"

"म्हणाले, राहू द्या ताई. दमला असाल तुम्ही."

अप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला. सांगून टाकावं, असं त्यांना एकदा वाटलं. पण उद्या मशीन चालू झालं की सांगायचंच काय उरतं, असा दुसरा विचार आला, आणि दुसरा विचार नेहमीच जास्त सोयीचा असतो.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला त्यांनी फोन लावला. पलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज होता. पडद्यावरचा चोपन्न आकडी क्रमांक सहा-सहाच्या गटांनी स्पष्ट वाचा, असं त्याने सांगितलं. अप्पांनी गळा साफ करून वाचायला सुरुवात केली. सातव्या गटाला दाराची घंटा वाजली. समोरच्या घरातले वकीलसाहेब आणि त्यांची बायको, जी नर्स होती, दोघंही चौकशीला आले होते. "काय अप्पा, झालं का सुरू?" वकीलसाहेबांनी विचारलं. यंत्राला ते ऐकू गेलं. "क्षमा करा, हा आकडा समजला नाही," ते म्हणालं, आणि पहिल्यापासून वाचायला लावलं. दुसऱ्या खेपेला अप्पांनाच खोकला आला. तिसऱ्या खेपेला चोपन्नच्या चोपन्न आकडे पार पडले आणि खोलीतल्या सगळ्यांनी श्वास सोडला.

"धन्यवाद," यंत्र म्हणालं. "ही सिस्टीम आपण किती संगणकांवर बसवली आहे? एक असल्यास एक दाबा. दोन असल्यास दोन दाबा."

अप्पांचं बोट हवेतच थांबलं.

तुम्ही-आम्ही डोळे मिटून एक दाबला असता. पण पुढच्या गोंधळाचं मूळ इथेच आहे, कारण अप्पांनी एकतीस वर्षांत कुठल्याही फॉर्मवर चुकीचा आकडा लिहू दिला नव्हता. जुन्या बोर्डावर बसवली होती, ती एक वेळ. आता दुसऱ्या बोर्डावर चालवायची, ही दुसरी वेळ. डबा तोच, पण बोर्ड दुसरा. मग संगणक एक म्हणायचा की दोन?

"दोन," वकीलसाहेब लगेच म्हणाले. "मुख्य घटक बदलला की वस्तूची ओळख बदलते. कुठल्याही कोर्टात टिकेल हे."

"काहीतरीच काय!" नर्सबाई म्हणाल्या. "आमच्याकडे पेशंटचं हृदय बदलतात. म्हणून काय नवीन केसपेपर काढतो आम्ही? एक दाबा हो अप्पा."

"हृदय आणि मदरबोर्ड यांत फरक आहे."

"तुम्ही दोन्ही पाहिलेलं नाही."

यंत्राने प्रश्न पुन्हा विचारला. अप्पांनी बोट दोन्ही बटणांवरून फिरवलं. आणि सवयीने, केवळ एकतीस वर्षांच्या सवयीने, शंका आली की जास्तीत जास्त माहिती द्यावी या तत्त्वाने, त्यांनी दोन दाबला.

"आपला अर्ज नाकारण्यात आला आहे," यंत्र म्हणालं आणि फोन बंद झाला.

वकीलसाहेब म्हणाले, "पण खरं तेच सांगितलंत, याचं समाधान आहे." नर्सबाईंनी नवऱ्याला दंडाला धरून घरी नेलं.

अप्पांनी पुन्हा फोन केला, चोपन्न आकडे पुन्हा वाचले आणि या वेळी एक दाबला. यंत्र म्हणालं, आपल्या आधीच्या उत्तराशी हे उत्तर जुळत नाही. प्रतिनिधीसाठी थांबा. मग तबला आणि बासरी सुरू झाली. बारा वाजले, एक वाजला. अप्पा फोन कानाला लावूनच जेवले. अडीचला फोन कटला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. कोडंताई डब्यासमोर खुर्ची ओढून, हातात कागद घेऊन बसून होत्या. त्या काही बोलत नव्हत्या, घड्याळाकडेही पाहत नव्हत्या, आणि तेच अप्पांना सहन होत नव्हतं. चिडली असती तर बरं झालं असतं. चार वाजता उपसंपादकांचा निरोप आला, 'ताई, आमच्याकडचं मशीनचं कोडं तयार ठेवलंय. काळजी नसावी.' निरोपाच्या शेवटी एक हसरं तोंड होतं. कोडंताईंनी तो वाचून फोन पालथा ठेवला, आणि कागद दोनदा सरळ केला, जरी तो सरळच होता.

चार वाजून दहा मिनिटांनी बासरी थांबली आणि खऱ्याखुऱ्या बाईचा आवाज आला. थकलेला, पण माणसाचा. अप्पांनी तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "जुना बोर्ड आता कुठे चालू आहे का?"

"नाही हो. कचऱ्यात आहे."

"मग संगणक एकच." एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढा सरळ निकाल अप्पांनी कधी ऐकला नव्हता. "नोंदणी कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या मिसेसच्या."

"मग त्यांना द्या. घोषणापत्र त्यांनीच द्यावं लागेल."

अप्पांनी फोनचा आवाज मोठा केला आणि टेबलावर ठेवला. कोडंताईंनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला.

"बोर्ड बदलण्याचं कारण?"

"आपोआप बंद पडला," कोडंताई म्हणाल्या. "वय झालं होतं त्याचं."

"ठीक आहे. आता माझ्यामागून म्हणा. मी जाहीर करते की, वर दिलेली सर्व माहिती खरी असून..."

"मी जाहीर करते की," कोडंताई म्हणू लागल्या, "वर दिलेली सर्व माहिती खरी..."

अप्पा टेबलाजवळ सरकले. खोटं बोलणं वेगळं. ते त्यांनी मंगळवारी बोलून टाकलं होतं आणि त्याच्यासह दोन दिवस जगलेही होते. पण घोषणापत्र? आणि तेही तिच्या तोंडून, तिच्या नावावर, तिला पत्ताही नसताना? कित्येक माणसांचे कागद त्यांनी याहून बारीक चुकीसाठी परत पाठवले होते. कारण बदललं तर बाई पुन्हा रांगेत उभं करतील, पाच वाजून जातील, रविवार जाईल, हे सगळं त्यांना त्या क्षणी दिसत होतं. तरी तोंडातून गेलंच.

"थांबा. खरी नाहीये."

कोडंताईंनी वळून पाहिलं.

"मी धुतला," अप्पा म्हणाले.

"काय धुतलं?" फोनमधल्या बाईने विचारलं.

"कॉम्प्युटर. ओल्या फडक्याने. साबण लावून."

फोनमधून टंकलेखनाचा आवाज आला आणि थांबला.

"बाहेरून की आतून?"

"दोन्हीकडून," अप्पा म्हणाले. मग कशाला मागे ठेवायचं म्हणून, "ब्रशही वापरला. किल्लीचा स्टिकरही मीच घासून काढला."

कोडंताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. संसाराच्या चौतीस वर्षांत ती नजर अप्पांनी आधी दोनदाच पाहिली होती, आणि दोन्ही वेळा त्यांना आठवडाभर स्वतःचा चहा स्वतः करावा लागला होता.

"बरं," फोनमधली बाई म्हणाली. "कारण, वापरणाऱ्याकडून अपघात. त्याला वेगळा रकाना आहे."

"म्हणजे आता परत अर्ज? किती दिवस लागतील?"

"दिवस कसले? हे सोपं पडतं. आपोआप बंद पडला म्हटलं की आम्हाला तपासणी लावावी लागते, तीन दिवसांची. धुतला म्हटल्यावर तपासायचं काय? रोज दोन-तीन तरी असतातच. घ्या ताई, आकडे लिहून घ्या."

कोडंताईंनी आकडे लिहून घेतले. चार वाजून एकतीस मिनिटांनी निळी चौकट गेली, आणि तिच्या जागी अकरा वर्षांची कोडी ओळीने उभी राहिली. कोडंताई खुर्ची पुढे ओढून बसल्या. अप्पा दारात उभे राहिले, आत यायची त्यांची हिंमत झाली नाही. चार वाजून पन्नास मिनिटांनी फाईल गेली. पाच वाजता उपसंपादकांचं उत्तर आलं, 'मिळालं.' या वेळी हसरं तोंड नव्हतं.

"मिळालं का?" अप्पांनी विचारलं.

"मिळालं," कोडंताई म्हणाल्या. मग शुक्रवार गेला आणि शनिवार गेला, आणि त्या कामापुरतंच बोलल्या, तेही हो किंवा नाही. अप्पांनी स्वतःचा चहा केला आणि तिच्यापुढेही नेऊन ठेवला. तो प्यायला गेला, पण त्यावर अभिप्राय आला नाही.

रविवारी सकाळी वर्तमानपत्र आलं. अप्पा नेहमीसारखे पेन घेऊन कोड्याला बसले. ते छापून आलेलं पाहून त्यांना जे वाटलं ते साधं समाधान नव्हतं, त्यांचे डोळे चक्क पाणावले. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ते एकेक चौकोन भरत गेले. आडवा शब्द सतरा, तीन अक्षरी. सूचक वाक्य होतं, 'न विचारता दुसऱ्याची वस्तू धुऊन बिघडवणारा.'

अप्पांनी आधी 'नोकर' असं लिहायला घेतलं. पण वरून खाली येणाऱ्या शब्दाने मधला चौकोन भरलेला होता आणि त्यात 'व' होता. ते बराच वेळ त्या 'व'कडे पाहत बसले. जाळं तर आधीच तयार होतं, त्याचं सूचक वाक्यही आधी वेगळंच ठरलेलं असणार. म्हणजे गुरुवारी हातात असलेल्या त्या एकोणीस मिनिटांतली काही मिनिटं तिने यावर घालवली होती. अप्पांनी अलीकडे 'न' लिहिला, पलीकडे 'रा' लिहिला, शाईने, सुवाच्य अक्षरात.

तेवढ्यात फोन वाजला. वकीलसाहेब होते. "अप्पा, सतरा आडवं अडलंय हो. आमची ही नुसती हसतेय, सांगत नाही. तीन अक्षरी काय असेल?"

शेजाऱ्यांना उत्तरं सांगायची नाहीत, हा या घरातला अकरा वर्षांचा कडक नियम. अप्पा घुटमळले. समोर कोडंताई चहाचा कप घेऊन बसल्या होत्या. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"सांगा की," त्या म्हणाल्या. "एवढं एक सांगितलंत तर चालेल मला."

"नवरा," अप्पा फोनमध्ये म्हणाले.

पलीकडे पेनचा आवाज आला. "बसतंय हो!" वकीलसाहेब म्हणाले. "अगदी बरोबर बसतंय!"